तुरुंगात भरलेली नगरपालिका

नगरपालिकेची सभा तुरुंगात भरते, हे ऐकून हसू येईल. पण १९२१ साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ती खरोखरच भरत होती! त्यामागचे नाव जॉर्ज लॅन्सबरी (१८५९-१९४०). भरघोस कल्ल्यांचे, श्रद्धाळू ख्रिस्ती आणि तितकेच कट्टर समाजवादी. गोदीकामगारांच्या पॉप्लर भागाचे ते १९१९ मध्ये पहिले मजूर पक्षीय महापौर झाले.

भांडण घरपट्टीचे होते. बेकारांना मदत ज्या त्या भागाने आपल्याच पट्टीतून द्यायची. म्हणजे जिथे बेकार जास्त तिथेच पट्टी जबर, आणि भरणारेही गरीबच! श्रीमंत भागांना झळ नाही. वर लंडनच्या पोलीस, पाणी वगैरे खर्चाचा वाटा वेगळाच. तो वाटा वसूल करायचेच पॉप्लरने नाकारले. शेजारच्या हॅक्नीचे महापौर हर्बर्ट मॉरिसन याच पक्षाचे. त्यांना हा कायदेभंग मुळीच रुचला नाही.

कोर्टाने ३० नगरसेवक आत पाठवले. त्यांत लॅन्सबरींचा मुलगा आणि सून मिनीही होती. सभेसाठी बायकांना हॉलोवे तुरुंगातून मोटारीने आणत. सहा आठवड्यांनी सरकार नमले. बोजा श्रीमंत भागांवरही वाटला गेला. पण १ जानेवारी १९२२ ला मिनी न्यूमोनियाने गेली. वय अवघे ३२.

कामगारांना, बायकांनाही, आठवड्याला किमान चार पौंड देण्याचा पॉप्लरचा हट्ट मात्र १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बेकायदा ठरवला. लॅन्सबरी १९३२ मध्ये पक्षाचे नेते झाले, १९३५ मध्ये पायउतार झाले, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा पॉप्लरच्या महापौरपदावर जाऊन बसले.