नियमात न बसलेलं रीडिंग

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. आमच्या शाळेत टीचर दारात दिसल्या की उभं राहून एका सुरात गुड मॉर्निंग म्हणायचं. वर्षानुवर्षांची सवय. इथे फर्स्ट इयरला सर वर्गात शिरले आणि मी एकटीच ताडकन उभी राहिले. सगळा वर्ग हसला. त्याच रात्री रूममेटने माझं बारसं केलं, 'पावलॉव्हचा कुत्रा'! राग आला. पण हा पावलॉव्ह कोण, हे शोधायला दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेले.

इव्हान पावलॉव्हचा जन्म १८४९ साली रशियातल्या रियाझान शहरात झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. लहानपणी उंचावरून पडल्यामुळे इव्हानची शाळा अकराव्या वर्षी सुरू झाली. मुलानेही धर्मगुरू व्हायचं असं घरात ठरलेलंच होतं. पण धर्मशाळेत शिकताना सेचेनॉव्ह या शास्त्रज्ञाचं मेंदूवरचं पुस्तक त्याच्या हाती लागलं आणि १८७० मध्ये स्वारी थेट सेंट पीटर्सबर्गच्या युनिव्हर्सिटीत दाखल झाली.

पुढे त्यांनी अन्नपचनावर काम केलं. कुत्र्यावर ऑपरेशन करून लाळेची नळी गालातून बाहेर काढायची आणि थेंब मोजायचे. मोजमापात एकदम कडक माणूस! वेळ म्हणजे वेळ, नियम म्हणजे नियम. पचनावरच्या या कामासाठी १९०४ साली त्यांना नोबेल मिळालं.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. तोंडात अन्न पडलं की लाळ सुटते, हा नियम. लॅबमधले जुने कुत्रे मात्र अन्न यायच्या आधीच लाळ गाळायचे. खाणं आणणारा माणूस दिसला, त्याच्या पावलांचा आवाज आला, की झालं सुरू! सगळी रीडिंग्ज बिघडायची. आपण असतो तर काय केलं असतं? खोडरबर! पावलॉव्ह तिथेच थांबले. बिघडलेलं रीडिंग हीच त्यांना बातमी वाटली. पन्नाशी उलटल्यावर, ज्या विषयात एवढं नाव झालं तो बाजूला ठेवून त्यांनी उरलेलं आयुष्य या 'बिघाडा'ला दिलं.

आपल्याला फक्त घंटा माहीत असते, पण त्यांनी मेट्रोनोम, बझर, दिवे, असं बरंच काही वापरलं. मेट्रोनोमची टिकटिक, लगेच खाणं. असं पुन्हा पुन्हा केलं की नुसत्या टिकटिकीवर लाळ सुटते. नंतर खाणं न देता टिकटिक चालू ठेवली, तर लाळ हळूहळू थांबते. बाहेरच्या आवाजाचा गोंधळ नको म्हणून जाड भिंतींची खास इमारतच बांधून घेतली.

एका प्रयोगाने मात्र मला अस्वस्थ केलं. कुत्र्याला शिकवलं, वर्तुळ दिसलं तर खाणं, लंबवर्तुळ दिसलं तर नाही. मग लंबवर्तुळ हळूहळू गोल करत नेलं. ९:८ या प्रमाणापर्यंत आल्यावर त्याला फरक कळेना. शांत कुत्रा किंचाळायला, चावायला लागला आणि आधीचं सोपं शिकलेलंही विसरला. एम-थ्रीच्या पेपरात ओळखीचं गणित थोडं फिरवून आलं तेव्हा माझं अगदी हेच झालं होतं! आकार ओळखून फॉर्म्युला लावायची सवय, बाकी समज शून्य.

१९२४ साली लेनिनग्राडला मोठा पूर आला. पिंजऱ्यांतले कुत्रे बुडता बुडता वाचवले. त्यानंतर काही कुत्रे शिकलेलं सगळं विसरल्यासारखे वागू लागले. पावलॉव्ह तेव्हा पंचाहत्तरीचे. त्यांनी तेही अपघात म्हणून सोडून दिलं नाही, धक्क्याने मेंदूचं काय होतं ते तपासायला घेतलं. ऐंशी उलटल्यावर खोक्यांवर खोकी रचून फळ काढणारे चिंपांझी ते निरखत बसायचे. कोल्तुशीच्या लॅबच्या भिंतीवर त्यांनी निरीक्षणशक्ती हा शब्द कोरून घेतला होता.

या सगळ्यात कुत्र्यांनी खूप सोसलं, हेही लिहायलाच हवं. १९३५ मध्ये त्यांच्या संस्थेत कुत्र्याचं स्मारक उभं राहिलं. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, पावलॉव्ह गेले.

आता माझी कबुली. लॅबमध्ये आम्ही सीनियरच्या जर्नलमधला ग्राफ आधी काढतो आणि रीडिंग्ज मागून बसवतो. नियम पाळायचा, बघायचं काहीच नाही. गेल्या महिन्यात ट्रान्सफॉर्मरच्या लोड टेस्टला माझं सहावं रीडिंग कर्व्हच्या खाली आलं. हात सवयीने खोडरबराकडे गेला, पण या वेळी खोडलं नाही. सरांनी विचारलं, हे काय? म्हटलं, सर, माहीत नाही, पण आलंय असंच. सरांनी सही केली नाही! पुन्हा टेस्ट लावली, पुन्हा तेच. शेवटी लोडकडचा एक टर्मिनल सैल सापडला. आमच्या आधीच्या बॅचेसना तो कसा दिसला नाही, हे वेगळं सांगायला नको.

सही मिळायला एक आठवडा उशीर झाला. सर वर्गात आले की मी आजही उठते, सवय जात नाही. पण 'पावलॉव्हचा कुत्रा' म्हटल्याचा आता राग येत नाही. निदान पावलॉव्हकडून एक गोष्ट तरी शिकले!