मातोश्री राधाबाई पेशवे
दोन पराक्रमी पुत्रांच्या मातेचे पुण्यचरित्र

उत्तर कोकणच्या या सागरतीरी येणाऱ्या भाविकांपैकी अनेकजण आपल्या मुलाबाळांच्या क्षेमासाठी देवाला साकडे घालतात. त्यांच्यासाठी मातोश्री राधाबाईंचे चरित्र थोडक्यात देत आहोत. बोईसरजवळील तारापूरचा किल्ला ज्यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी जिंकला, त्या चिमाजीआप्पांच्या त्या मातोश्री होत.

राधाबाई या सिन्नरजवळील डुबेरे येथील बर्वे घराण्याच्या कन्या. त्यांचा विवाह श्रीवर्धनच्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ यांच्याशी झाला. सिद्दीच्या जाचामुळे या कुटुंबास कोकण सोडून घाटावर यावे लागले. १७०० मध्ये डुबेरे येथे थोरले पुत्र बाजीराव यांचा जन्म झाला. त्यांच्यानंतर काही वर्षांनी चिमाजीआप्पा जन्मले. भिऊबाई व अनूबाई या दोन कन्या पुढे अनुक्रमे बारामतीच्या जोशी व इचलकरंजीच्या घोरपडे घराण्यांत दिल्या. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांस पेशवेपद मिळाले. परंतु एप्रिल १७२० मध्ये सासवड येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी बाजीराव अवघे विशीचे होते. शाहू महाराजांनी त्यांनाच पेशवाईची वस्त्रे दिली आणि वैधव्याचे दुःख उरी असतानाच राधाबाई घराण्याच्या आधारस्तंभ झाल्या.

दोन्ही पुत्र सदैव मोहिमांवर असत. व्रतवैकल्ये, दानधर्म आणि ब्रह्मेंद्रस्वामींवरील या घराण्याची श्रद्धा यांच्या आधारे घरातील धर्माचरण अखंड चालू राहिले. १७३० मध्ये चिमाजीआप्पांच्या पत्नी रखमाबाई तान्ह्या सदाशिवास मागे ठेवून निवर्तल्या. त्या पोरक्या नातवाचा सांभाळ राधाबाईंनीच केला. पुढे सदाशिवरावभाऊ म्हणून तो इतिहासात प्रसिद्धीस आला.

फेब्रुवारी १७३५ मध्ये मातोश्रींनी काशीयात्रेस प्रस्थान ठेवले. ज्या मुलखात बाजीरावांची फौज लढत होती, त्याच मुलखातून त्यांना जावयाचे होते. तरीही उदयपूर व जयपूर येथील राजांनी त्यांचे सन्मानाने स्वागत केले. मोगल सरदार महंमदखान बंगश याने, तो बाजीरावांचा शत्रू असूनही, मातोश्रींचा आदरच राखला. मथुरा, प्रयाग, काशी, गया ही तीर्थे करून १७३६ मध्ये त्या सुखरूप परतल्या. शत्रूच्या प्रदेशातही जिला वाट मोकळी व्हावी, अशी ही यात्रा होती.

पुढे वसई प्रांत पोर्तुगीजांच्या ताब्यातून सोडविण्याची मोहीम चिमाजीआप्पांकडे आली. त्यांची प्रकृती मुळात नाजूक. तरीही जानेवारी १७३९ मध्ये माहीम-केळवे, शिरगाव, डहाणू व तारापूर ही ठाणी मराठ्यांच्या हाती आली. तारापूरचा तट सुरुंग लावून फोडावा लागला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हे शूर सरदार धारातीर्थी पडले. राधाबाईंचे पुत्र त्या रणातून वाचले. दुसऱ्या मातेचा पुत्र मात्र परतला नाही. मे महिन्यात वसईचा किल्ला पडला. शरण आलेल्या पोर्तुगीजांना बायकामुलांसह सुखरूप जाऊ देण्यात आले. या विजयासाठी चिमाजीआप्पांनी वज्रेश्वरी देवीस नवस केला होता व तो फेडण्यासाठी देवीचे मंदिर उभारले गेले, असे परंपरा सांगते. कोणत्याही कार्याआधी देवाचे स्मरण करण्याची त्या घराची रीत येथे दिसून येते.

मात्र मातोश्रींच्या नशिबी केवळ यश नव्हते. मस्तानीमुळे घरात उद्भवलेल्या कलहाने बाजीरावांच्या अखेरच्या दिवसांत मायलेकरांत दुरावा आला. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदातीरी रावेरखेडी येथे बाजीरावांचे देहावसान झाले. त्याच वर्षी डिसेंबरात चिमाजीआप्पाही गेले. आठ महिन्यांच्या आत वृद्ध मातेने दोन्ही पुत्र गमावले.

मग इतक्या वर्षांची उपासना निष्फळ ठरली काय? श्रद्धावान मनासही हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर राधाबाईंच्या पुढील तेरा वर्षांत मिळते. त्यांनी देवाकडे पाठ फिरविली नाही व घराकडेही नाही. नातू नानासाहेब पेशवे झाले, सदाशिवराव त्यांच्या छत्राखाली वाढले, आणि मार्च १७५३ मध्ये त्यांनी देह ठेवला, तोवर घरातील वडीलकीचा मान त्यांच्याकडेच राहिला. आईच्या प्रार्थनेने लेकरांचे आयुष्य वाढतेच असे नाही. पण त्या प्रार्थनेच्या छायेत वाढलेल्या लेकरांना कर्तव्याचे बळ मिळते आणि मागे राहिलेल्या आईला उभे राहण्याचे.

भाविकांनी सवडीने तारापूरचा किल्ला बाहेरून तरी अवश्य पाहावा. तेथे क्षणभर थांबून आपल्या मुलाबाळांसाठी हात जोडताना, ज्या मातांचे पुत्र तेथून परतले नाहीत, त्यांचेही स्मरण करावे, ही नम्र विनंती.