तीन आण्यांचा हिशोब मागणारा खासदार

बजेटच्या दिवशी टीव्हीवर आकड्यांचा एवढा पाऊस पडतो, की थोड्या वेळाने आपण चॅनल बदलतो. लाख कोटी म्हणजे नक्की किती शून्यं, हे मोजायचाही कंटाळा. पण साठेक वर्षांपूर्वी एका खासदाराने अख्ख्या लोकसभेला एका छोट्याशा आकड्याभोवती फिरवलं होतं. आकडा होता तीन आणे आणि खासदार होते डॉ. राममनोहर लोहिया.

लोहियांचा जन्म २३ मार्च १९१०चा, उत्तर प्रदेशातल्या अकबरपूरचा. शाळेची काही वर्षं मुंबईत, इंटर बनारसला, बीए कलकत्त्याला आणि पीएचडी थेट बर्लिनला. परदेशात शिकायचं म्हणजे इंग्लंड, असं ठरलेलं असताना हे गेले जर्मनीला. प्रबंधाचा विषय काय, तर मीठ! मिठावरचा कर आणि त्याविरुद्धचा सत्याग्रह. गरिबाच्या चिमूटभर मिठातून सरकार पैसा काढतं, हे त्यांच्या डोक्यात तेव्हापासूनच बसलं असावं. जिनिव्हाला राष्ट्रसंघात भारताचे प्रतिनिधी म्हणून बिकानेरचे महाराज बोलायला उभे राहिले, तेव्हा गॅलरीतून शिट्टी मारून निषेध करणारा हाच विशीतला पोरगा.

१९४२च्या आंदोलनात ते भूमिगत होते. १९४४मध्ये मुंबईत पकडले गेले, लाहोरच्या किल्ल्यात त्यांचे हाल झाले. १९४६मध्ये सुटल्यावर तब्येत सुधारायला ते गोव्यात असोळण्याला मित्राकडे आले, पण आराम राहिला बाजूलाच. १८ जूनला मडगावात पोर्तुगीजांची बंदी मोडून सभा घेतली आणि पुन्हा अटक. गोव्यात हा दिवस क्रांतिदिन म्हणून पाळतात, पणजीत त्या तारखेच्या नावाचा रस्ताही आहे.

स्वातंत्र्य मिळालं आणि त्यांची खरी चिडचिड सुरू झाली. राज्य आपलं, पण थाट साहेबाचाच, हे त्यांना सहन होईना. बरं, राग फक्त काँग्रेसवर नव्हता. १९५४मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये त्यांच्याच पक्षाचं सरकार होतं. तिथे पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा पक्षाचे सरचिटणीस असलेल्या लोहियांनी स्वतःच्याच सरकारचा राजीनामा मागितला. पुढे त्या पक्षातून ते बाहेर पडले, ते काही उगाच नाही.

१९६२मध्ये फुलपूरला ते थेट नेहरूंच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. पुढच्या वर्षी फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत जिंकून लोकसभेत पोचले. ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध अविश्वास ठराव आणला. स्वतंत्र भारतातला असा पहिलाच ठराव. त्या चर्चेत लोहियांनी हिशोब मांडला : देशातले २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात आणि एकट्या पंतप्रधानांवर रोज २५ हजार रुपये खर्च होतात. तीन आणे म्हणजे साधारण १९ पैसे. नवे पैसे येऊन सहा वर्षं झाली होती, पण लोकांच्या तोंडी अजून आणेच होते.

नेहरूंनी नियोजन आयोगाच्या आधारे सांगितलं, की आकडा पंधरा आणे आहे. आता गंमत बघा, पंधरा आणे खोटे नव्हते, ती सरासरी होती. कॅन्टीनच्या एका टेबलावर पाच जण बसलेत. एकाच्या खिशात हजार रुपये, बाकीच्या चौघांकडे दहा-दहा. सरासरी निघते २०८ रुपये! म्हणून त्या चौघांना थाळी परवडेल का? लोहियांचं म्हणणं एवढंच होतं, की वरचे श्रीमंत बाजूला काढा आणि मग खालच्यांचं मोजा. पुढे नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदांनी साडेसात आणे असा आकडा दिला. म्हणजे पंधराचे थेट निम्मे! सप्टेंबरमध्ये यावर लोकसभेत वेगळी चर्चा झाली.

२५ हजारांच्या हिशोबावर वाद घालता येईल, तसा तेव्हाही घातला गेला. लोहिया बोलायचेही फार तिखट, पंतप्रधानांच्या कुत्र्याचा रोजचा खर्चसुद्धा त्यांनी भर सभागृहात काढला होता. मला तो टोमणा जरा जास्तच वाटतो. पण शून्यांना घाबरून गप्प बसायचं नाही आणि समोरच्याला आकड्यानेच उत्तर द्यायचं, ही त्यांची सवय मात्र उचलावी अशी आहे.

१९६७मध्ये विरोधकांची एकजूट करायची त्यांची खटपट फळाला आली, काँग्रेसने बरीच राज्यं गमावली. ते स्वतः कन्नौजमधून जेमतेम मतांनी निवडून आले. त्याच वर्षी दिल्लीच्या सरकारी विलिंग्डन हॉस्पिटलमध्ये त्यांचं ऑपरेशन झालं, प्रकृती बिघडत गेली आणि १२ ऑक्टोबरला ५७व्या वर्षी ते गेले. लग्न केलं नव्हतं, मागे घरदार नव्हतं. त्या हॉस्पिटलला आता त्यांचं नाव आहे. दिल्लीकर त्याला नुसतं आरएमएल म्हणतात.