शिळं जेवण पकडायला किरणोत्सर्ग वापरणारा शास्त्रज्ञ, ज्याच्यामुळे आज कॅन्सरचा स्कॅन होतो

शिरूर-दौंडकडचा पेशंट पेट स्कॅनसाठी पुण्याला गेला की त्याला एक इंजेक्शन देऊन तासभर शांत पडून राहायला सांगतात. औषध किरणोत्सारी आहे म्हटल्यावर घरचे हबकतात. हे अंगात किती वेळ राहणार?

असल्या प्रश्नांचा माग पहिल्यांदा काढला जॉर्ज डी हेवेशी यांनी. जन्म 1885, बुडापेस्ट. 1911 मध्ये मँचेस्टरला रुदरफोर्ड यांनी त्यांना शिशातून किरणोत्सारी 'रेडियम-डी' वेगळं काढायला सांगितलं. जमेना. जमणार कसं, ते शिसंच होतं! मग हेवेशींनी डोकं उलटं चालवलं. वेगळं होत नाही ना, मग शिसं कुठं कुठं जातं ते बघायला हेच वापरू.

तेव्हाचा एक किस्सा फेमस आहे. घरमालकीण उरलेलं जेवण पुन्हा वाढते, असा त्यांना संशय होता. त्यांनी ताटातल्या उरलेल्या अन्नात चिमूटभर किरणोत्सारी पदार्थ टाकला. पुढच्या जेवणात यंत्राने तो बरोबर पकडला. (घरी करून बघू नका.)

1923 मध्ये त्यांनी रोपांत शिसं कसं चढतं ते पाहिलं. 1934 मध्ये जड पाणी वापरून दाखवलं की प्यायलेलं पाणी शरीरात सरासरी 13 दिवस राहतं. 1935 मध्ये उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला, तर कायमची वाटणारी हाडंसुद्धा सतत जुना माल काढून नवा भरत होती.

ज्यू घराण्यातले असल्याने 1943 मध्ये नाझींच्या ताब्यातलं कोपनहेगन सोडून त्यांना स्वीडनला पळावं लागलं. त्याच वर्षाचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

आता पुण्यातलं ते इंजेक्शन. त्यात बहुतेक वेळा फ्लोरिन-18 जोडलेली साखर असते. तिचा किरणोत्सर्ग दर 110 मिनिटांनी निम्मा होतो, शिवाय बरीचशी लघवीवाटे जाते. साधी साखर पेशीत जळते, ही मात्र अर्ध्यात अडकते. गाठीला साखर जास्त लागते, म्हणून गाठ स्कॅनमध्ये चमकते.

गोम अशी, की मशीनला फक्त किरणोत्सारी खूण दिसते, औषध नाही. खूण औषधापासून सुटली तर फोटो फसवतो. आयोडीन सुटलं तर ते थेट थायरॉइडमध्ये जाऊन बसतं. म्हणून नवीन औषध आलं की आधी रक्त-लघवी तपासून ते कशात मोडलं ते बघतात.

परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 मध्ये सुरू झालं. हेवेशी तेव्हा हयात होते. 1966 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गला ते गेले.