नाट्याचार्य अण्णासाहेब किर्लोस्कर

आज नाटक हा विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात त्याची पदवी मिळते. अशी सोय नसताना मराठी संगीत रंगभूमी उभी करणारे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूर येथे झाला. मराठी व कानडी घरी शिकून ते धारवाड, कोल्हापूर आणि पुढे पुण्यास गेले. तेथे नाटकमंडळ्यांना पदे रचून देण्यात ते रमले आणि परीक्षा मागे पडली. परतल्यावर ते बेळगावात शिक्षक झाले. पुढे ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे येथलेच विद्यार्थी!

नंतर पुण्यात सरकारी नोकरी करताना त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत आणले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला. पूर्वी बहुतेक पदे सूत्रधारच गाई. आता पात्रे स्वतः गाऊ लागली. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. ‘रामराज्यवियोग’ मात्र अपुरेच राहिले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले.

परीक्षा हुकली, तरी अण्णासाहेबांचा अभ्यास सुटला नव्हता. संस्कृत आणि गाणे पक्के होते, म्हणूनच ‘शाकुंतल’ साधले. त्यांना नाटक आणि शिक्षण यांतून एकच निवडावे लागले; आजच्या मुलांना दोन्ही मिळू शकते. स्नेहसंमेलनात रमणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी पालकांनी हे जरूर आठवावे.