होनिन्बो शूसाकु

बुद्धिबळाचा पट आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. परंतु चीन, कोरिया व जपान या देशांत त्याहून अगदीं निराळा असा एक बैठा खेळ प्राचीन काळापासून चालत आला आहे. जपानी लोक त्यास 'गो' म्हणतात. या खेळांत होनिन्बो शूसाकु यांचें नांव आजही मोठ्या आदरानें घेतलें जातें. त्यांचें आयुष्य अवघें तेहतीस वर्षांचें; तथापि तें विद्यार्थ्यांनीं मनन करण्यासारखें असल्यामुळें आम्ही तें येथें थोडक्यांत देत आहों.

शूसाकु यांचा जन्म १८२९ सालीं इन्नोशिमा नांवाच्या लहानशा बेटावर झाला. हें बेट आज हिरोशिमा प्रांतांतील ओनोमिचि शहरांत मोडतें. त्यांचें मूळचें नांव तोराजिरो. मूल रडूं लागलें म्हणजे त्याच्यापुढें गोचे काळे-पांढरे खडे ठेवीत आणि तें शांत होई, अशी आख्यायिका आहे. खेळाचे पहिले धडे त्यास आईपासून मिळाले.

हे धडे कोणते, तें येथें सांगणें अवश्य आहे. गोच्या पटावर १९ उभ्या व १९ आडव्या रेघा असतात. त्या जेथें एकमेकींस छेदतात, असे ३६१ बिंदू होतात. एका खेळाडूनें काळे खडे घ्यावे, दुसऱ्यानें पांढरे. काळ्यानें आरंभ करावा आणि मग आळीपाळीनें एकेक खडा बिंदूवर ठेवीत जावें. ठेवलेला खडा पुढें सरकवितां येत नाहीं. खड्याला लागून असलेले मोकळे बिंदू हा जणूं त्याचा श्वास. ते सारे प्रतिपक्षानें अडविले कीं खडा उचलला जातो. ज्या समूहाच्या पोटांत दोन स्वतंत्र मोकळीं घरें असतात, त्यास मात्र कोणी मारूं शकत नाहीं. शेवटीं ज्यानें अधिक जागा वेढली, तो जिंकला. कोपऱ्यांत थोड्या खड्यांनीं जागा राखतां येते. म्हणून आधीं कोपरे, मग कडा आणि सर्वांच्या मागून मध्य, असें नवशिक्यास शिकवितात. नियम इतकेच, पण ते अंगीं मुरण्यास जन्म पुरत नाहीं.

मिहारा येथील किल्ल्याचे अधिपती असानो यांनीं या बालकाची बुद्धि पाहून त्यास आश्रय दिला. होशिन नांवाच्या बौद्ध भिक्षूपाशीं त्याचें शिक्षण झालें आणि १८३७ सालीं त्याची रवानगी एदो शहरीं, म्हणजे आजच्या टोकियोस झाली. गोचें शिक्षण देणाऱ्या घराण्यांत तेथील होनिन्बो घराणें अग्रगण्य होतें. त्याच घराण्यांत तो शिष्य म्हणून राहिला व पुढें शूसाकु या नांवानें प्रसिद्धीस आला.

त्या काळीं पहिली खेळी करण्याचा लाभ काळ्यास फुकट मिळे. पांढऱ्यास त्याची भरपाई नसे. हा लाभ हातचा न दवडतां शेवटपर्यंत सांभाळावा, ही शूसाकु यांची नीति. तीन कोपऱ्यांत खडे ठेवून झाले कीं ते एका कोपऱ्यांतील आपल्या खड्यास तिरका शेजारी देत. ही खेळी दिसण्यांत साधी, पण भक्कम. तिला आजही त्यांचेंच नांव आहे.

१८४६ सालीं ओसाकाकडे त्यांची गांठ गेन्नान इन्सेकि या प्रख्यात खेळाडूशीं पडली. गेन्नान आठव्या श्रेणीचे, तर सतरा वर्षांचे शूसाकु चौथ्या श्रेणीचे. प्रथम गेन्नान यांनीं त्यांस दोन खड्यांची सवलत दिली. पण मुलाचें बळ ओळखून तो डाव अर्धाच सोडला व सवलतीवांचून नवा डाव मांडला. आरंभीं शूसाकु चुकले व मागें पडले. तरी ते डगमगले नाहींत. १२७ व्या खेळीस त्यांनीं मध्यभागीं असा एक खडा ठेवला कीं, त्यानें आपल्या दुबळ्या खड्यांस आधार मिळाला आणि प्रतिपक्षाचा जोरही कमी झाला. पाहणाऱ्यांत एक वैद्य होता. त्यास डावांतलें फारसें कळत नव्हतें. परंतु गेन्नान यांचे कान लाल झालेले पाहून, आतां शूसाकु जिंकणार, असें त्यानें ताडलें, अशी कथा आहे. शूसाकु थोडक्या फरकानें जिंकले.

१८४८ सालीं होनिन्बो घराण्याचे प्रमुख शूवा यांचे वारस म्हणून त्यांची योजना झाली. आपण असानो यांचे सेवक आहों, या विचारानें त्यांनीं हा मान प्रथम नाकारला होता. असानो यांची संमति मिळाल्यावरच तो स्वीकारला. पुढें १८४९ पासून १८६१ पर्यंत एदोच्या राजवाड्यांत होणाऱ्या वार्षिक सामन्यांत ते १९ डाव खेळले व एकूण एक जिंकले.

१८६२ सालीं एदोंत पटकीची साथ आली. होनिन्बो घराण्यांतही माणसें आजारी पडलीं. वारसानें आपला जीव जपावा, असें गुरूंस वाटत होतें. पण शूसाकु यांनीं रुग्णांची शुश्रूषा स्वतः केली. त्यांतच त्यांस पटकी झाली व त्यांचा अंत झाला. घरांतील इतर रुग्ण वांचले, असें सांगतात. गुरु हयात असल्यामुळें ते घराण्याचे प्रमुख कधींच झाले नाहींत. तरी लोक त्यांस होनिन्बो म्हणूनच ओळखतात. २००४ सालीं जपानांत गोच्या कीर्तिमंदिराची स्थापना झाली, तेव्हां पहिल्या चार मानकऱ्यांत त्यांची गणना झाली. इन्नोशिमावर त्यांचें स्मारक-संग्रहालयही आहे.

पटावर दुबळ्या खड्यास वाऱ्यावर सोडूं नये, हा गोचा एक प्राथमिक धडा आहे. शूसाकु यांनीं तो घरांतही पाळला, आणि त्याची किंमत आपल्या प्राणानें दिली. आमच्या बालमित्रांनीं कोणतीही विद्या शिकतांना तिचे पहिले धडे क्षुल्लक लेखूं नयेत, एवढेंच आमचें सांगणें आहे.