पार्ट मिळत नाही? मग बाबूराव पेंटरांची गोष्ट वाचा!

समजा, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर आजोबांचा रीळवाला कॅमेरा सापडला. चामड्याच्या कव्हरमधला, हातात घेतला की जड लागणारा. तुम्ही खूश होऊन रीळ घालता, बटण दाबता आणि... काहीच होत नाही. रिपेअरवाला तो उघडून बघतो आणि मान हलवतो. याचा पार्ट येणं कधीच बंद झालंय. मग दोनच मार्ग उरतात. त्याच मॉडेलचा दुसरा मेलेला कॅमेरा शोधून त्याचा पार्ट काढायचा, नाहीतर भलत्याच मशीनचा भाग घासूनपुसून त्यात बसवायचा.

आपण बहुतेक जण इथेच कंटाळतो आणि कॅमेरा शोपीस होऊन शेल्फवर जातो. पण जरा थांबा. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात दोन भावांपुढे याहून अवघड पेच होता. त्यांच्याकडे दुरुस्त करायलासुद्धा कॅमेरा नव्हता!

त्यातले एक बाबूराव कृष्णराव मिस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. तुम्ही त्यांना बाबूराव पेंटर म्हणून ओळखता. दुसरे आनंदराव, बाबूरावांच्या नात्यातलेच. घराणं कारागिरांचं. त्यामुळे करवत, रंधा, छिन्नी आणि कुंचला या गोष्टी लहानपणापासून हाताखालच्या. चित्रकला शिकले तीसुद्धा स्वतःच्या स्वतः. संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात या जोडीचं एवढं नाव झालं की मिस्त्री आडनाव मागे पडलं आणि 'पेंटर' कायमचं चिकटलं.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. पडद्यावर स्थिर देखावे रंगवणाऱ्या या दोघांना हलत्या चित्रांनी झपाटलं. आपणही सिनेमा काढायचा, हे ठरलं. पण कॅमेरा आणायचा कुठून? तो विलायतेहून यायचा आणि किंमत आवाक्याबाहेरची. त्यात १९१४ ला महायुद्ध पेटलं. बाहेरून माल येणंच कठीण झालं.

मग त्यांनी काय केलं? एक जुना, सेकंडहँड प्रोजेक्टर मिळवला.

तुम्ही म्हणाल, प्रोजेक्टर तर सिनेमा दाखवतो, तो शूटिंगच्या काय कामाचा? इथेच खरी गंमत आहे. दोन्ही मशीनच्या पोटात जवळपास एकच काम चालतं. फिल्मच्या कडेला भोकं असतात. त्यांत अडकवून फिल्म एक घर पुढे ओढायची, क्षणभर थांबवायची, शटर उघडायचं, मिटायचं आणि पुन्हा ओढायची. फरक आहे तो उजेडाच्या दिशेचा. प्रोजेक्टरमध्ये दिव्याचा उजेड आतून बाहेर जातो, तर कॅमेऱ्यात समोरचा उजेड बाहेरून आत येतो. ल्युमिए बंधूंचं १८९५ चं मशीन तर शूटिंग आणि प्रदर्शन ही दोन्ही कामं करायचं.

पण तत्त्व कळलं म्हणून मशीन तयार होत नाही ना! कॅमेऱ्याच्या पेटीत सुईएवढ्या फटीतून जरी उजेड शिरला, तरी फिल्म वाया. फिल्म दरवेळी नेमक्या त्याच जागी थांबली नाही, तर पडद्यावर सगळं चित्र थरथरणार. शिवाय मोटर नाही, हँडल हातानेच फिरवायचं. त्या काळातला सर्वसाधारण हिशेब असा : सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात ८ चित्रं, म्हणजे सेकंदाला १६. हात मंदावला की पडद्यावरची माणसं पळत सुटायची. मिळेल तो भाग वापरायचा आणि न मिळणारा स्वतः घडवायचा, असं हे काम होतं.

आणि ते अर्धवट असतानाच, १९१६ मध्ये आनंदराव गेले.

जरा विचार करा. ज्याच्यासोबत पडदे रंगवले, ज्याच्यासोबत हे वेड डोक्यात घेतलं, तोच गेला. समोर सुटे पार्ट पडलेले. बाबूरावांनी तिथेच सोडून दिलं असतं तर कुणी बोल लावला नसता. पण ते पुन्हा कामाला बसले. सोबतीला शिष्य विष्णुपंत दामले होते, यंत्रात भारी डोकं चालणारा माणूस. १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला, कोल्हापुरात, स्वतःच्या हातांनी. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशाचं पाठबळ दिलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

१९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' झळकला. कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की पुढे त्याला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. मग 'सिंहगड' मध्ये त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे वापरून बघितले. १९२५ च्या 'सावकारी पाश' मध्ये देवादिकांना बाजूला ठेवून कर्जात बुडालेला शेतकरी दाखवला. तो शेतकरी रंगवणारा तरुण म्हणजे व्ही. शांताराम. सिनेमांची पोस्टरंही बाबूराव स्वतः रंगवायचे.

पुढची गोष्ट मात्र गोड नाही. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम असे तयार झालेले शिष्य बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' काढली. १९३१ मध्ये बोलपट आला. बोलपटात आवाज आणि चित्र जुळायचं तर वेग एकसारखा हवा, म्हणजे मोटर हवी. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याचं युग संपलं. महाराष्ट्र फिल्म कंपनीही बंद पडली. बाबूरावांनी नंतर दुसऱ्यांसाठी काही बोलपट केले, चित्रं आणि शिल्पं तर शेवटपर्यंत केली. १६ जानेवारी १९५४ ला ते गेले.

मग त्या जुगाडातून उरलं काय? दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. 'प्रभात' पुण्याला गेली आणि तिच्याच जागेत आज एफटीआयआय आहे. तिथे अ‍ॅडमिशनची स्वप्नं बघणाऱ्या तुमच्यापैकी कितीजणांना माहितीये, की या गोष्टीची सुरुवात एका सेकंडहँड प्रोजेक्टरपासून झाली?

कोल्हापूरला गेलात तर रंकाळा आणि मिसळ झाल्यावर खरी कॉर्नरलाही जा. तिथे कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. आणि घरी आलात की आजोबांचा तो कॅमेरा पुन्हा खाली काढा. पार्ट मिळत नसेल, तर आधी एवढंच शोधा, की तो पार्ट नेमकं काम काय करायचा. मग तेच काम करणारं दुसरं काय मिळतं, ते शोधायला बाहेर पडा.